लिस्बनची वीज, फोंड्याची वीज आणि मधला कोळसा

खांडेपारी (धागाकर्ता)

२०२५ च्या २८ एप्रिलला दुपारचे चार वाजून गेले होते. भाची लिस्बनला असते, तिचा फोन लागेना. थोड्या वेळाने बातम्या आल्या, अख्ख्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली आहे. तिथे तेव्हा सकाळचे साडेअकरा. तिचा निरोप आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या दारात पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत होता तेव्हा. "मामा, मेट्रो बंद, लिफ्ट बंद, दुकानात कार्ड चालेना, पाकिटात रोख तीन युरो. तुम्ही लोक दर पावसाळ्यात हे कसं निभावता?"

मी लिहिलं, दोन मेणबत्त्या, एक बादली पाणी आणि बोलका शेजारी एवढ्यावर भागतं. माडाचं चुडत तारेवर पडलं की आमच्या वाड्यावर अर्धा दिवस तेच चालतं.

पुढे तिने सहज विचारलं, "आमच्याकडची वीज वाऱ्याची आणि धरणांची. तुमच्याकडची कशाची?" मला धड सांगता येईना. निवृत्त माणूस, वेळ भरपूर. मे-जून आकड्यांत घालवले, ते इथे टाकतो.

आधी पोर्तुगाल. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी धरणांचा सपाटा लावला. झेझेर नदीवरचं काश्तेलो दो बोद १९५१ सालचं. पन्नास-साठच्या दशकांत पाऊस बरा झाला की देशाची जवळजवळ सगळी वीज पाण्यातून यायची. आज ज्याला हरित म्हणून मिरवतात ते हुकूमशहा सालाझारच्या काळात निव्वळ गरज म्हणून झालं होतं. मग मागणी वाढली, धरणं पुरेनात, फर्नेस ऑइलची केंद्रं आली. सेतुबालचं मोठं केंद्र सुरू झालं १९७९ ला, नेमकं दुसऱ्या तेलसंकटाच्या वर्षी. मुहूर्त काढणाऱ्याला शोधायला हवं. तेल परवडेना म्हणून कोळसा: १९८५ पासून सिनेस, १,२५६ मेगावॅट, नव्वदच्या दशकात पेगो. १९९७ ला अल्जीरियाकडून पाइपने नैसर्गिक वायू आला. २००० साली त्यांच्या पवनचक्क्या शंभर मेगावॅटही नव्हत्या, २०१० पर्यंत साडेतीन हजारांच्या वर गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये सिनेस बंद, नोव्हेंबरमध्ये पेगो. कोळसा संपला. २०२४ साली त्यांनी वापरलेल्या विजेपैकी ७१ टक्के वीज पाणी (२८), वारा (२७), ऊन (१०) आणि बायोमास (६) यांची होती.

आता आपण. सुरुवात आपलीही पाण्यानेच: दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग १८९७, शिवनसमुद्र १९०२, खोपोली १९१५. १९४७ ला देशाची सगळी क्षमता मिळून १,३६२ मेगावॅट. एकट्या सिनेसपेक्षा जेमतेम शंभर जास्त! त्यात ५०८ पाण्याची. पुढे भाक्रा, कोयना वगैरे होऊन १९६६ पर्यंत पाण्याचा वाटा ४६ टक्क्यांवर गेला. १९७०-७१ ला तयार झालेल्या ५६ अब्ज युनिटांत २५ पाण्याचे. मग कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण, १९७५ ला सरकारी वीजकंपनी एनटीपीसी, आणि खाणीच्या तोंडाशीच केंद्रं: सिंगरौली, कोरबा, रामागुंडम. २०२३-२४ ला १,७३९ अब्ज युनिट झाले. त्यातले चारात तीन कोळशाचे, पाणी आठ टक्क्यांच्या आसपास.

दोघेही धरणाच्या भिंतीवरूनच निघाले. त्यांच्याकडे कोळसा छत्तीस वर्षं राहिलेला भाडेकरू ठरला, आपल्याकडे तोच घरमालक होऊन बसला. असं का?

---

रायबंदरचा_पाव

मस्त धागा. एक दुरुस्ती, ते 'सिनेस' नव्हे, 'सिनिश'. आमची आजी असती तर तिने तुम्हाला पुन्हा लिसेंवात (पोर्तुगीज शाळेत) बसवलं असतं.

आणि मुख्य गोष्ट विसरलात! कोळसा बंद झाला तेव्हा तिथला पंतप्रधान आपला बाबुश. आंतोनियो कॉश्त, ज्यांचं घराणं मडगावचं. २०१७ ला इथे येऊन आबाद फारिया रस्त्यावरच्या घरात नातेवाइकांना भेटून गेले. त्यांच्या सरकारने आधी २०३० म्हटलं, मग २०२३, प्रत्यक्षात २०२१ लाच उरकलं. सरकारी मुदत अलीकडे सरकते हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

---

शिफ्ट_सी

खांडेपारीबाब, मी पस्तीस वर्षं औष्णिक केंद्रात काढली, गोव्याबाहेर. आता डिचोलीला माडांना पाणी घालतो. घरमालक का, ते जवळून पाहिलेलं सांगतो.

पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालवायचा तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा लागतो. म्हणजे मालगाडीचे दोन रेक, रोज, दिवाळी असो की दसरा. आपल्या कोळशात राखच ३५-४० टक्के. दहा गाड्या कोळसा आणला तर चार गाड्या राख परत न्यायची. असला माल जहाजात घालून परदेशी पाठवणं कोणाला परवडत नाही, आणि खाणीपासून लांब नेणंही जड. म्हणून खाणीच्या तोंडाशी केंद्र. एकदा केंद्र तिथे उभं राहिलं की त्याभोवती रेल्वे, वसाहत, शाळा, बाजार सगळं उभं राहतं. आमच्या वसाहतीत दहा हजार माणसं होती. त्यातला प्रत्येक जण, दूधवाल्यासकट, त्या धुरांड्यावर जगत होता.

पोर्तुगालचा कोळसा कोलंबिया, दक्षिण आफ्रिका इथून बोटीने यायचा. त्यांच्या स्वतःच्या खाणी लहान. पेजांवची १९९४ लाच बंद झाली. बोट थांबवायला एक पत्र पुरतं. खाण थांबवायची म्हणजे काय, ते आपल्या गोव्यात लोहखनिजावरून २०१२ ला सगळ्यांनी पाहिलंय. ट्रकवाला, बार्जवाला, गॅरेजवाला, सगळे एका रात्रीत घरी.

आणि पावसाळा. ओला कोळसा बंकरच्या (कोळशाच्या उंच टाकीच्या) तोंडाला चिखलासारखा चिकटतो. खाली कोळसा दळणारी मिल रिकामी फिरतेय, वर हजार टन कोळसा पडलाय, आणि मध्ये काहीच सरकत नाही. मग चार माणसं लोखंडी पहारी घेऊन बंकरला ठोकत उभी. रात्री तीन वाजता तो आवाज सगळ्या प्लँटभर. घरी आलो तरी कानात तोच. बायको म्हणायची, झोपेत भिंत ठोकता.

---

म्हापशाची_बाजू

काका, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. आम्ही बटण दाबतो, तिकडे कोणीतरी पहार मारत असतो.

---

तर्कटी

पोर्तुगालचं कौतुक जरा जपून. ७१ टक्के नवीकरणीय, वायू १० टक्के. उरलेले? स्पेनकडून आयात. २०२४ ला पाचातला एक हिस्सा. स्पेनकडे अणुवीज आहे, पोर्तुगालच्या सीमेपासून फार लांब नसलेलं आल्माराझ त्यातलंच. घरात चूल न पेटवता शेजारणीकडे जेवायला जायचं आणि वर सांगायचं, आमच्याकडे धूर होत नाही!

दुसरं, २०२२. कोळसा बंद करून तीन महिने झाले नाहीत तोवर दुष्काळ. फेब्रुवारीत सरकारला काही धरणांची वीजनिर्मिती थांबवायला लागली, पिण्याला पाणी राहावं म्हणून.

---

खांडेपारी

तर्कटी, मान्य. पण चुलीच्या त्या हिशेबात गोवा कुठे बसतो? आपल्याकडे एकही मोठं वीजकेंद्र नाही. वीज येते कोरबा-विंध्याचलहून, दक्षिणेकडून रामागुंडमहून, थोडी कैगा, तारापूर, काक्रापारची अणुवीज. धुरांडं छत्तीसगडात, मिक्सर फोंड्यात. शेजारणीकडे जेवणारे आपण तर जन्मापासूनचे.

कैगावरून आठवलं. कारवारच्या पलीकडचं हे केंद्र, आपण पिकनिकला जातो त्या वाटेवरून आत. तिथला पहिला संच ३१ डिसेंबर २०१८ ला थांबवला तेव्हा तो सलग ९६२ दिवस चालला होता. तेव्हाचा जागतिक विक्रम. पेपरात दोन ओळी वाचल्या असतील कोणी तर.

---

वास्को_धक्का

गोव्यात कोळसा नाही कसा म्हणता? मुरगाव बंदरातून रोज उतरतो. आमच्या घरी खिडकीची काच सकाळी पुसली की संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. आणि रेल्वे दुपदरी करताय ती कशासाठी? २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्रभर रुळांवर मेणबत्त्या घेऊन बसले होते ते उगाच? आमच्या छाताडावरून कोळसा नेऊन वीज करायची आणि आम्हालाच विकायची!

---

शिफ्ट_सी

वास्कोबाब, काचेवरच्या काजळीबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण तो कोळसा मुख्यतः विजेचा नाही. तो कोकिंग कोळसा, परदेशातून येतो आणि बेळ्ळारीच्या बाजूच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. आपल्या खाणींत चांगला कोकिंग कोळसा कमी, म्हणून आयात. विजेचा कोळसा वेगळा, पोलादाचा वेगळा. हे दोन्ही एकाच पोत्यात घातले की चर्चेचा चिखल होतो. उद्या देशातली सगळी वीज उन्हावर आली तरी तुमची खिडकी काळी व्हायची ती होणारच.

विजेचा संबंध आहे तो मोलेच्या जंगलातून न्यायच्या वीजतारांशी. तम्नार प्रकल्प म्हणतात ना, त्यातलं तम्नार हे छत्तीसगडातल्या रायगड जिल्ह्यातलं गाव. कोळशाच्या पट्ट्यातलं. प्रकल्पाच्या नावातच पत्ता आहे.

---

वास्को_धक्का

हे माहीत नव्हतं. पोलादाचं मान्य. काच मात्र तशीच आहे.

---

म्हापशाची_बाजू

माझ्या छपराचे आकडे देते. तीन किलोवॅटची सोलर, तीन वर्षं झाली. मे महिन्यात दिवसाला तेरा-चौदा युनिट. जुलैत आठवडाभर झड लागली की चारवर येते, कधी तीन. गेल्या वर्षी वाटलं, पॅनेलवर शेवाळ धरलं. मुलगा शिडी लावून चढला, पुसून आला, दुसऱ्या दिवशीही चारच. शेवाळ नव्हतं, ढग होते. शिडीवरून उतरताना त्याचा पाय मुरगळला तो वेगळाच.

माझा प्रश्न असा: पोर्तुगालमध्येही पाऊस आहेच ना? मग ते कसं जमवतात?

---

तर्कटी

बाय, त्यांचा पाऊस हिवाळ्यात. वाराही हिवाळ्यात जोरात. उन्हाळा कोरडा आणि लख्ख. म्हणजे ऊन संपलं की पाणी-वारा सुरू होतो, एक दमला की दुसरा खांदा देतो. ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर २०२३ सलग १४९ तास त्यांची नवीकरणीय निर्मिती देशाच्या मागणीपेक्षा जास्त होती. तारखा पाहा, वादळी पावसाचे दिवस. उन्हाची त्यात फार मातबरी नाही.

आपल्याकडेही तसं थोडं आहे. पावसाळ्यात तुमचं छप्पर झोपतं तेव्हा तमिळनाडू-गुजरातच्या पवनचक्क्या गरगरत असतात आणि कोयना भरत असते. आपली खरी अडचण संध्याकाळची. सहाला सूर्य बुडतो आणि सातला देशभर टीव्ही, पंखे, एसी एकदम सुरू.

त्यावर त्यांचा उपाय पाहण्यासारखा आहे. तामेगा खोऱ्यात गोव्हाइंशला ८८० मेगावॅटचं केंद्र, २०२२ चं. वीज स्वस्त असली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, महाग झाली की सोडायचं. सह्याद्रीत हे करायला जागा आहे. घाटघरला २५० मेगावॅटचं २००८ पासून चालूही आहे, आणि तिथे सगळे पावसाळी सहलीला जाऊन फक्त धबधब्याचे फोटो काढतात.

---

कुशावती

धरणाचं कौतुक चाललंय म्हणून एक वेगळी गोष्ट. पोर्तुगालच्या ईशान्येला कोआ नावाची नदी आहे. नव्वदच्या दशकात तिच्यावर मोठं धरण बांधायला घेतलं. काम चालू असताना नदीकाठच्या खडकांवर चित्रं सापडली. घोडे, रानबैल, शेळ्या. हिमयुगातल्या माणसांनी कोरलेले. धरण झालं असतं तर सगळं पाण्याखाली. देशभर वाद पेटला. १९९५ ला आंतोनियो गुतेरेस पंतप्रधान झाले (पुढे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झाले तेच) आणि त्यांनी धरण थांबवलं. पैसा ओतलेला, यंत्रं उभी, तरी थांबवलं. १९९८ ला ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आपल्या सांग्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर जांभ्यात अशीच चित्रं आहेत. बैल, हरणं, तो गोल चक्रव्यूह. मी लहानपणी आजोळी जायचे तेव्हा गुराखी पोरं त्याच्यावर बसून चिंचा खायची. पावसात त्यांच्यावरून पाणी वाहतं आणि चक्रव्यूहात साचून राहतं. कोणी दिवा म्हणून तेल घालावं तसं दिसतं.

विजेशी संबंध काय? एवढाच की स्वच्छ वीज म्हणजे फुकट वीज नव्हे. मोलेची झाडं काय, कोआचे घोडे काय, काहीतरी आडवं येतंच.

---

रायबंदरचा_पाव

+१. उसगाळीमळला मागच्या डिसेंबरात गेलो होतो, चक्रव्यूहाच्या मधोमध चिप्सचं पाकीट. असो, विषयांतर.

---

अर्धी_युनिट

डझनभर प्रतिसाद झाले आणि कोणी एक साधा आकडा मांडला नाही. खांडेपारींच्या लेखात सगळे टक्केच टक्के. टक्के फसवतात.

पोर्तुगालने २०१० ला ५२ अब्ज युनिट वीज वापरली. २०२४ ला? ५१. चौदा वर्षं जागच्या जागी. लोकसंख्या कोटीभर, घरं बांधून झालेली, कारखाने होते तेवढेच. तिथे नवी पवनचक्की आली की ती जुन्या कोळशाच्या ताटातला घास काढून घेते. आपण २०१०-११ ला साडेआठशे अब्जांच्या आसपास होतो, २०२३-२४ ला १,७३९. दुप्पट! ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. पोर्तुगालची तोवरची सर्वोच्च दहा हजारांच्याही आत होती. आपल्याकडे नवं सोलर येतं तेव्हा त्याच्यासमोर नवा पाहुणा ताट घेऊन बसलेला असतो. कोळशाचं ताट तसंच राहतं, उलट वाढतं. २०१४ ला आपली सौर क्षमता तीन हजार मेगावॅटही नव्हती, २०२५ च्या सुरुवातीला ती एक लाखावर गेली. जगात फार थोड्यांनी एवढं केलंय. तरी टक्क्यांत कोळसा हलताना दिसत नाही, कारण खालचा छेद फुगतोय आणि त्याच्यासोबत वरचा कोळसाही.

म्हणून "त्यांना जमलं, आपल्याला का नाही" हा प्रश्न मला पटत नाही. सडपातळ माणसाने वजन टिकवलं म्हणून वाढत्या वयाच्या पोराला भाकरी कमी कशी वाढणार?

---

खांडेपारी

अर्धी युनिट, तुमचं पटलं. टक्के फसवतात याला माझ्याकडून एक जोड. २०२५ च्या जुलैत बातमी आली की देशातली अर्धी वीजक्षमता आता बिगर-कोळसा, बिगर-तेल, बिगर-वायू झाली. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी. मी खूश होऊन भाचीला पाठवणार होतो. मग लक्षात आलं, क्षमता म्हणजे ताटांची संख्या, जेवण किती झालं ते निराळं. कोळशाचं ताट दिवसरात्र भरतं, सोलरचं दिवसाचे पाच-सहा तास. म्हणून क्षमता अर्धी-अर्धी, पण वीज अजून चारात तीन कोळशाची. दोन्ही आकडे खरे, आणि ज्याला जे सांगायचं तो तेवढाच उचलतो.

वायूचं मात्र मला अजून कोडं आहे. त्यांना कोळसा सोडताना वायूने हात दिला. आपल्याकडे वीस हजार मेगावॅटच्या वर वायूकेंद्रं उभी आहेत आणि वीज येते दोनेक टक्के.

---

शिफ्ट_सी

कोडं नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून २००९ ला वायू सुरू झाला, सगळ्यांनी त्याच्या भरवशावर केंद्रं उभारली, आणि दोन-तीन वर्षांत वायू आटला. आयात वायू परवडत नाही. लग्नाचा मांडव घातला आणि नवरदेव आलाच नाही, अशी ती केंद्रं. कोकणातलं दाभोळ तर सगळ्यांना पाठ आहे, त्यावर नव्याने काय लिहू.

पोर्तुगालला वायू आयातच होता, तरी परवडला, कारण युरोपात कोळशाच्या धुराला दंड बसतो. २०१७ ला टनाला पाच-सहा युरो होता, २०१९ ला पंचवीसच्या आसपास. वर तिथल्या सरकारने कोळशाची करमाफी काढायला सुरुवात केली. सिनेस शेवटी बंद पडलं ते हिशेबात. मोर्चे निघाले असतील, भाषणं झाली असतील, पण अकाउंट्सवाल्याने मान हलवल्याशिवाय बॉयलर विझत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

---

पाटो_पूल

उशिरा आलो. वय वर्षे ८१, टंकायला वेळ लागतो, चुका माफ करा.

पोर्तुगीज काळात पणजीत दिवे होते, डिझेलच्या जनित्रावर. गावात नव्हते. आमच्या पेडण्याच्या घरी मुक्तीनंतर कितीतरी वर्षांनी आले. तोवर घासलेटचा कंदील. काच पुसायचं काम माझं, कारण माझा हात बारीक, आत जायचा. रोज तिन्हीसांजेला राख आणि फडका. त्या काजळीचा वास अजून ओळखीन.

म्हणजे ज्या पोर्तुगालच्या धरणांचं तुम्ही वर लिहिलंत, त्या काश्तेलो दो बोदची वीज लिस्बनमध्ये झगमगत होती तेव्हा त्यांच्याच राज्यात मी कंदील पुसत होतो. तुलना दोन देशांची करताय, पण १९६१ पर्यंत हा एकच देश आहे असं ते म्हणायचे. त्यांच्या तक्त्यात आम्ही कुठल्या रकान्यात होतो, ते कोणी शोधलं तर कळवा.

---

खांडेपारी

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन महिने आकडे चाळले आणि आपला रकाना पाहायचा राहिला.

भाचीला तुमचा प्रतिसाद तसाच पाठवला. तिचं उत्तर: "आजोबांना सांग, मी आता घरी कंदील आणून ठेवलाय. बॅटरीचा आहे, काच पुसावी लागत नाही."

---

म्हापशाची_बाजू

आजचे आकडे: ३.१ युनिट. शिडी लावली नाही.